मैदानाचा कारभारी

कोणत्याही जुन्या हायस्कूलच्या सभागृहात पाऊल टाकले, की भिंतीवर मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या दिसतात. शेजारी शालान्त परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्यांची नावे रंगविलेला फळा असतो आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात काळवंडलेल्या ढाली व चषक असतात. ढालीवर वर्ष असते, सामन्याचे नाव असते, क्वचित संघनायकाचेही नाव असते. पण ज्याने सकाळी लवकर येऊन फक्की टाकून मैदान आखले, फाटक्या चेंडूंची डागडुजी केली, आणि संघात न बसलेला बारावा मुलगा हिरमुसू नये म्हणून त्याच्या हाती शिट्टी दिली, त्याचे नाव ढालीवर कोरण्याची रीत नाही. शाळेच्या वार्षिक अहवालात त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते : 'विद्यार्थ्यांचे आरोग्य व व्यायाम समाधानकारक.'

या माणसाला देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे आहेत. उत्तरेकडे तो पी. टी. मास्टर, मद्रासकडे फिजिकल डायरेक्टर, महाराष्ट्रात पूर्वी ड्रिलमास्तर आणि आता क्रीडाशिक्षक. ही नावे नुसती प्रांतभेदाची नव्हेत. एकेक नाव म्हणजे या पेशाच्या इतिहासातील एकेक थर आहे.

सर्वांत खालचा थर कवायतीचा. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने प्राथमिक शाळांतून देशी खेळ, कसरती आणि कवायत यांना उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली होती. शिफारशीत देशी खेळांचा उल्लेख पहिला होता. अंमलात मात्र कवायत पुढे आली आणि खेळ मागे राहिले. याचे कारण उघड आहे. कवायत शिकविणारा माणूस स्वस्तात आणि तयार मिळत असे. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार किंवा जमादार शाळेत नेमला, की शिफारशीची पूर्तता झाली. तो बिचारा पलटणीत जे शिकला होता तेच शिकवी. इंग्रजी हुकूम, ताठ माना, डावा पाय, उजवा पाय! हुकमाचा अर्थ मुलांना कळो वा न कळो, रांग सरळ राहिली म्हणजे झाले. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची ड्रॉइंगमास्तरांच्या शेजारी, दाराजवळ. परीक्षेत ज्या विषयाला गुण नाहीत, त्याच्या शिक्षकाला मान नाही, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित नियम तेव्हापासूनचा आहे.

दुसरा थर सातासमुद्रांपलीकडून आला. अमेरिकेतील हायस्कुलांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळ पुष्कळ होते, पण त्यांना धनी नव्हता. मुलेच संघ काढीत, मुलेच वर्गणी जमवीत, बाहेरचा शिक्षक आणीत आणि प्रसंगी बाहेरचा खेळाडूही घुसवीत. या गोंधळातून वाट काढण्यासाठी शाळांनी खेळांचा कारभार आपल्या हाती घेतला आणि तो पाहण्यासाठी एक जबाबदार शिक्षक नेमला. सामन्यांचे वेळापत्रक, खेळाडूंची पात्रता, प्रवास, पंच, हिशेब हे सारे त्याच्याकडे आले. तिकडे त्याला ॲथ्लेटिक डायरेक्टर म्हणू लागले.

या कामामागे एक विचार असावा लागतो, हे ज्यांनी ओळखले त्यांत ल्यूथर गुलिक यांचे नाव अगत्याने घ्यावे लागेल. गुलिक हे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण संस्थेत व्यायामविभागाचे प्रमुख होते. हिवाळ्यात मुलांना बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधण्याची कामगिरी त्यांनी आपल्या हाताखालच्या जेम्स नेस्मिथ यांच्यावर सोपविली आणि त्यातून १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मास आला. पण गुलिक यांचे याहून मोठे काम न्यूयॉर्क शहरातले. १९०३ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांच्या शारीरिक शिक्षणाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी शाळांची क्रीडासंघटना उभी राहिली. डिसेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या पहिल्या मेळाव्यात हजारावर मुले उतरली.

एवढ्यावर थांबते तर ते एक मोठे संमेलन ठरले असते, अधिक काही नाही. परंतु या संघटनेने दोन युक्त्या काढल्या. पहिली बिल्ल्याची. धावणे, उडी आणि हातांवर अंग उचलणे यांची ठरावीक मापे ज्याने गाठली, त्या प्रत्येक मुलाला बिल्ला मिळे. दुसऱ्याला हरविण्याची अट नव्हती. दुसरी युक्ती वर्गावर्गांतील सामन्यांची. संपूर्ण वर्गाची सरासरी काढायची आणि तीत वर्गातील निदान ८० टक्के मुलांनी भाग घेतलाच पाहिजे. म्हणजे चपळ मुलाला आपल्या लठ्ठ मित्राला पळायला शिकविल्यावाचून गत्यंतर नाही! १९०५ मध्ये मुलींची स्वतंत्र शाखाही निघाली. शाळेच्या मैदानाचा कारभार मूठभर विजेत्यांसाठी नसून पटावरील प्रत्येक नावासाठी आहे, हे तत्त्व या ८० टक्क्यांच्या अटीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसले असेल.

हिंदुस्थानात हा विचार वाय. एम. सी. ए.च्या माणसांबरोबर आला. १९०८ मध्ये जॉन ग्रे कलकत्त्यास आले. १९१९ मध्ये हॅरी क्रो बक मद्रासला उतरले, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते. स्प्रिंगफील्डच्या परंपरेत तयार झालेल्या या पेनसिल्व्हेनियाच्या गृहस्थाने पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थी पाच, शिक्षक आणि कार्यालय म्हणजे स्वतः बक आणि त्यांची पत्नी मेरी. पुढे हीच संस्था सैदापेठेच्या विस्तीर्ण आवारात गेली आणि आशियातील या प्रकारचे पहिले महाविद्यालय म्हणून नावारूपास आली.

बक यांचे नाव बहुधा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संदर्भात घेतले जाते. त्या वर्षी हिंदी संघाचे व्यवस्थापन त्यांनी केले, हे खरेच आहे. पण पॅरिसची ती सफर काही आठवड्यांची होती. सैदापेठेचे काम १९४३ मध्ये मद्रासलाच त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक चालले. त्यांनी तयार केलेला माणूस हुकूम सोडणारा नव्हता, खेळ चालविणारा होता. चार मैदाने एका वेळी कशी गुंतवावीत, साधने अपुरी असताना चाळीस मुलांना कसे खेळवावे, सामन्यांचे कोष्टक कसे बांधावे, पंचाने कोठे उभे राहावे, दुखापत झाल्यास काय करावे, हे तो शिकून जाई. त्यांनी संकलित केलेले खेळांच्या नियमांचे पुस्तक शाळाशाळांतून वापरले गेले आणि मैदानावरचे किती तंटे त्या पुस्तकाने मिटविले असतील याची गणती नाही. मद्रासकडील शाळांत 'फिजिकल डायरेक्टर' हा शब्द रुळला तो या परंपरेतून. दक्षिणेत या पदाला जी थोडीफार प्रतिष्ठा लाभली, तिच्या मुळाशी हे प्रशिक्षण आहे. नुसते नाव बदलून प्रतिष्ठा येत नाही, हे मात्र इतर प्रांतांनी पुढे अनुभवले.

मराठी मुलखात आणि मराठी माणसांकडून जे घडले, त्याचा उगम वेगळा होता. येथे तालीम होती, आखाडा होता, मलखांब आणि लेझीम होती. उणीव होती ती हे सारे शाळेच्या तासाच्या चौकटीत बसविण्याची. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांनी हे काम हाती घेतले. इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतील आज्ञा योजून त्यांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली. शेकडो मुलांनी एका तालावर लेझीम खेळावी आणि आज्ञा कळावी, ही गोष्ट आज साधी वाटते. हवालदारी कवायतीच्या त्या काळात ती क्रांतीच होती. १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम करून लोणावळ्यास गेला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने सर्वश्रुत झाला. इकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळेची स्थापना केली होती; तिच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन हुतूतूसह देशी व्यायामप्रकार जगापुढे मांडले. १९२० नंतरच्या दशकात पुणे-बडोद्याच्या क्रीडामंडळींनी खो-खो आणि हुतूतू यांना छापील नियम दिले. नियम छापले गेले, म्हणजे दोन गावच्या दोन शाळांना भांडण न करता खेळता येऊ लागले.

आखाड्याची ही परंपरा आणि शाळेचे वेळापत्रक यांची गाठ पडली ती १९३७ मध्ये. मुंबई इलाख्याच्या सरकारने कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मद्रासला जे एका मिशनरी संघटनेने केले, ते येथे सरकारने अंगावर घेतले. उद्योगी माणसाच्या पश्चात संस्था खचण्याचे भय असते, ते सरकारी संस्थेत कमी. उलट खासगी संस्थेतला जिवंतपणा सरकारी दप्तरात टिकेलच असे नाही. कोणता मार्ग बरा, याचा निवाडा त्या त्या प्रांताच्या मैदानांवर जाऊनच करावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर घटना भराभर घडल्या. १९५४ मध्ये शालेय क्रीडास्पर्धांसाठी अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५७ च्या ऑगस्टात, १८५७ च्या शतसांवत्सरिकाचे औचित्य साधून, ग्वाल्हेरला झाशीच्या राणीच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले आणि या विषयाची तीन वर्षांची पदवी देशात प्रथमच मिळू लागली. कांदिवलीचे अनुभवी पी. एम. जोसेफ हे तेथील पहिले प्राचार्य. व्यायामशिक्षक पदवीधर होऊ शकतो, ही गोष्ट वेतनश्रेणीच्या दृष्टीने किती मोलाची, हे सांगणे नलगे.

या साऱ्यांत एक प्रयोग विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले हे मूळचे सावंतवाडीकडचे. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावलेल्या मुलांची शाळा, दिल्लीतील कस्तुरबा निकेतन, त्यांच्या खात्याच्या देखरेखीखाली होती. आईबापांवाचून वाढणारी, कोणावर विश्वास न ठेवणारी ही मुले वर्गात बसविणे कठीण होते. १९५४ मध्ये भोसल्यांनी तेथे व्यायाम, खेळ आणि समूहगीते यांवर आधारलेली शिस्तयोजना सुरू केली. मुले बदलली, आणि योजना निर्वासितांच्या शाळांपासून इतर शाळांपर्यंत देशभर पसरली. तिच्यासाठी खास शिक्षक तयार करून शाळांत धाडण्यात आले. १९६३ मध्ये भोसले निवर्तले. ज्या समितीचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू होते, तिने अशा निरनिराळ्या योजना एकत्र करण्याचे सुचविले. १९६५ मध्ये नव्या नावाने एकच योजना आली आणि केंद्राच्या या शिक्षकांना राज्यांकडे वर्ग करण्याचे ठरले. पुढची कहाणी बदल्या, सेवाज्येष्ठता आणि वेतननिश्चिती यांच्या फायलींत आहे. ज्यांनी दिल्लीच्या उजाड झालेल्या मुलांना पुन्हा रांगेत उभे राहून हसायला शिकविले, त्यांचा निरोप एका शासकीय आदेशाच्या परिच्छेदात झाला.

गौरवाचा प्रश्न येथे येतो. अमेरिकेत शाळांच्या क्रीडासंचालकांनी १९७७ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना बांधली आणि आपल्यातील ज्येष्ठांचा मान करण्याची प्रथा पाडली. भारतात १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषेचे मार्गदर्शक ओ. एम. नंबियार हे होते. तिघेही सर्वस्वी योग्य. नंबियार यांनी कण्णूरच्या क्रीडाविभागात त्या सडपातळ मुलीची चाल ओळखली आणि तिला घडविले, हे सर्वज्ञात आहे. पण कण्णूरच्या आधीची एक गोष्ट आहे. उषा चौथीत असताना तिच्या गावाकडच्या शाळेतील व्यायामशिक्षकाने तिला वरच्या वर्गातील, जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीबरोबर पळायला लावले. चौथीतली मुलगी जिंकली. तोपर्यंत आपण वेगाने पळतो, हे त्या मुलीला तरी कोठे ठाऊक होते! पदक ज्याच्या शिष्याला मिळते त्याला द्रोणाचार्य म्हणता येते. ज्याने पटावरच्या प्रत्येक मुलीला एकदा पळवून पाहिले, त्याच्यासाठी पुराणांतही नाव नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तीन विषयांना निदेशक नेमण्याची तरतूद आहे. निदेशक अंशकालीन. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही ड्रिलमास्तरांची खुर्ची ड्रॉइंगमास्तरांच्या शेजारीच राहिली, आणि तीही अर्ध्या दिवसापुरती. मैदान मात्र पूर्ण वेळ असते. शाळा सुटते, घंटा होते, इतर शिक्षक सायकलींकडे वळतात, आणि कोणी एक जण जडसंग्रहाची नोंदवही काखेत धरून चेंडू मोजीत उभा असतो. एक कमी भरतो. तो कुंपणापलीकडे गेला असेल तर सापडेपर्यंत दोन मुले थांबवायची, नाहीतर वर्षाअखेरीस निर्लेखनाचा प्रस्ताव करून मुख्याध्यापकांची सही घ्यायची. मुले कुंपण चढून जातात, आणि तो त्यांची वाट पाहतो.