तळ्यातले बेट आणि तटातले नगर

अलीकडे आपल्या कुटुंबांतून प्रवासाची हौस वाढली आहे, आणि ती वाढावी हे उत्तमच. यात्रा-सहली काढणाऱ्या संस्थांची रंगीत पत्रके आता आमच्या जंगलपट्टीपर्यंत येऊन पोहोचतात. रोम, लुर्द, फातिमा यांच्या जोडीला त्यांत माल्टा हे भूमध्य समुद्रातील बेटही असते. निळे पाणी, पिवळ्या दगडाची तटबंद नगरे, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संत पौलाचे गलबत जिथे फुटले तो किनारा. प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरच्या दोन अध्यायांत ही हकिकत सविस्तर आली आहे. गलबतावर २७६ माणसे होती. ती सगळी वाचली, आणि बेटावरच्या लोकांनी पावसात-थंडीत कुडकुडणाऱ्या या परक्यांसाठी शेकोटी पेटवली. मूळ ग्रीक मजकुरात त्या लोकांसाठी जो शब्द आहे तो ‘बार्बरॉय’, म्हणजे ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही असे लोक. लूकने तो शब्द वापरला खरा, पण त्याच वाक्यात त्यांच्या माणुसकीची नोंदही केली. हा शब्द वाचकांनी थोडा वेळ ध्यानात ठेवावा, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाकडे पाहताना तो वारंवार आठवतो.

माल्ट्याला ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी जरूर जावे. मात्र तटबंद नगर, राजांच्या समाध्या, डोंगरात कोरलेली लेणी, नदीकाठची शिल्पे आणि एक लहानसे बेटसुद्धा आपल्या दोन जिल्ह्यांत आहे, आणि इथे जन्म काढलेल्या कित्येकांनी ते पाहिलेले नाही. बाहेरून येणारा पाहुणा ताडोब्याचा वाघ पाहतो आणि परतीची गाडी धरतो. वाघाविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच्या पट्ट्यांआड सगळा इतिहास झाकला जावा हे काही बरे नव्हे.

बेटापासूनच आरंभ करू. वर्धा-बल्लारशाह लोहमार्गावर भांदक नावाचे स्थानक आहे. गावाचे आजचे नाव भद्रावती. या परिसरातल्या एका जुन्या तळ्याच्या मध्यभागी बेट आहे, आणि त्यावर जाण्यासाठी प्राचीन काळी दगडी पूल बांधलेला आहे. पुलाला कमान नाही. दगडी खांबांच्या दोन रांगा उभ्या करून त्यांवर प्रचंड तुळया आडव्या टाकल्या आहेत, एवढीच त्याची युक्ती. कमानीची विद्या न वापरता केवळ वजनावर वजन तोलून उभा केलेला हा पूल पाहिला की ज्या कारागिरांनी तो रचला त्यांच्याविषयी आदर वाटतो. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणे आहे. सरळ आत गेलेला एक बोळ, त्याच्या टोकाशी बसलेली बुद्धमूर्ती, आणि डाव्या-उजव्या हातांना फुटलेल्या दोन शाखा. अशी रचना अजिंठा-वेरूळ पाहिलेल्यालाही नवी वाटेल. याच गावात जैनांचे पार्श्वनाथाचे मोठे तीर्थ आहे, आणि भद्रनागाचे देऊळही आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट भांदकलाच सापडला. ज्याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे घडले तोच हा राजा. जनरल कनिंगहॅम यांनी १८७० नंतरच्या दशकात या अवशेषांची पाहणी केली. चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग याने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी हीच असावी, असे त्यांना वाटले. पुढच्या विद्वानांचे त्यावर एकमत झाले नाही. पण एकाच गावात बौद्ध, जैन आणि ब्राह्मणी परंपरांचे इतके अवशेष शेजारी शेजारी नांदतात, एवढे पाहण्यासाठीही भद्रावतीला एक दिवस द्यावा.

तेथून चंद्रपूर जवळच. जुने नाव चांदा. गोंड राजांनी वसवलेल्या या नगराभोवती साडेपाच मैलांच्या आसपास घेराचा तट आहे. चार दिशांना चार वेशी आहेत: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. यांखेरीज लहान दरवाजे, ज्यांना इथे खिडक्या म्हणतात. वेशीवर हत्तीला नमविणारा सिंह कोरला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. तटाची आखणी कशी झाली याची दंतकथा चांद्यातल्या म्हाताऱ्यांना आजही पाठ आहे. खांडक्या बल्लाळशाह राजाचे अंग गळवांनी भरले होते. शिकारीत तहान लागली म्हणून त्याने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातील पाणी घेतले, आणि त्या पाण्याने त्याची व्याधी गेली. पुढे त्याने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले. राणीने सल्ला दिला की ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गाने तट बांधावा. ससा कुत्र्यामागे धावतो ही कथा दक्षिणेतल्या इतर राजधान्यांविषयीही सांगतात, त्यामुळे इतिहास म्हणून तिला फारसे मोल नाही. तरी झरपटच्या पाण्याची गोष्ट वाचताना यार्देनेत सात वेळा बुडी मारणारा नामान आठवल्याशिवाय राहत नाही.

दंतकथा बाजूला ठेवली तरी गोंड राज्याची कर्तबगारी कागदावर आहे. अकबराच्या काळच्या ‘आइने-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद असून त्याच्यापाशी १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचे म्हटले आहे. मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ साली चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, त्यात या राजांच्या परंपरा नोंदल्या आहेत. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती तळ्यांची गोष्ट. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला वा तळे बांधणाऱ्याला राजा सवलतीने जमीन देत असे. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आज आहे, आणि तिथे घर बांधलेल्या शेकडो कुटुंबांना आपल्या पत्त्यातल्या या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. ‘जंगलातली रानटी टोळी’ असे ज्यांचे वर्णन साहेबांच्या आणि आपल्याही पुस्तकांतून झाले, त्यांनी पाणी साठवणाऱ्याला जमीन देण्याचे राज्यशास्त्र चालवले होते. ‘बार्बरॉय’ हा शब्द मला आठवतो तो इथे.

अंचलेश्वराच्या देवळालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशाह राजाची समाधी सर्वांत भव्य. ती त्याची राणी हिराई हिने बांधली. राजाचा खून झाला तेव्हा, अठराव्या शतकाच्या आरंभी, तिला पुत्र नव्हता. तिने रामशाह याला दत्तक घेतले, राज्य सांभाळले आणि महाकालीचे आजचे मंदिर उभे केले. चैत्रात या मंदिराच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, हजारोंचे थवे येतात. देवीच्या नावाने येणाऱ्या त्या गर्दीतल्या किती जणांना मंदिर बांधणाऱ्या विधवा राणीचे नाव माहीत असेल? पतीसाठी समाधी बांधणाऱ्या बादशहाचा बोलबाला जगभर आहे. हिराईची समाधी पाहायला मात्र मुद्दाम कोणी येत नाही.

१७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. मोलमपल्लीच्या या वीराने राजगड परिसरात इंग्रजांविरुद्ध लढा उभारला होता, आणि त्याला पकडून देण्याचे काम अहेरीच्या जमीनदारीणीकडून करवून घेण्यात आले. सत्तावनच्या इतिहासात कानपूर-झाशीवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. बाबुरावाच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते.

तटाची अवस्था गेल्या शतकात फार वाईट झाली होती. बुरुजांवर झाडे उगवली, पायथ्याशी कचऱ्याचे ढीग साचले, कोणी दगड काढून नेले. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून बुरुजांमागून बुरुज मोकळे केले, आणि त्यांची वाखाणणी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातही झाली. आपल्या युवक मंडळांनी वार्षिक सहलीऐवजी असा एक आठवडा काढला तर त्यांना चांदा पाहण्याचा याहून उत्तम मार्ग सापडणार नाही.

शहराच्या दक्षिण अंगाला, लालपेठेत, उघड्या माळावर प्रचंड शिळामूर्ती पडलेल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी, दहा मुखांची, पंचवीस फुटांच्या आसपास लांब आहे. रायप्पा नावाच्या वैश्याने देवालय बांधण्याचा घाट घातला आणि ते होण्याआधीच तो मरण पावला, अशी परंपरा आहे. मूर्ती तयार, देऊळ नाही. चंद्रपुरातल्या सर्व अवशेषांत मला हाच सर्वांत बोलका वाटतो. मुलांना तो फार आवडतो, कारण मूर्तीच्या पायाच्या बोटाशी उभे राहून आपली उंची मापता येते.

बल्लारपूरचा वर्धाकाठचा किल्ला ही गोंडांची आधीची राजधानी. तो अर्ध्या दिवसात पाहून होतो. ताडोब्याला गेलात तर वाघ दिसो न दिसो, तळ्याकाठच्या तारू देवाची चौकशी करा. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंडांचा पूर्वज, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे गाभ्यातली काही गावे उठवली गेली, आणि ज्यांचा देव त्यांनाच दर्शनासाठी परवानगीची वाट पाहावी लागू लागली. जंगलातल्या रस्त्यालगत उंच दगडी खांब दिसतात. त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवीत चांद्यापर्यंत राजाचा निरोप पोहोचवीत, असे सांगतात.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरातून वेगळा झाला. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘आइने-अकबरी’त आहे. हिरे संपले, गोंडांचा किल्ला उरला. पण या जिल्ह्यातले खरे पाहण्याचे स्थळ म्हणजे चामोर्शीजवळचे मार्कंडा. इथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, आणि त्या वळणाच्या काठावर एका आवारात लहानमोठ्या देवळांचा समूह उभा आहे. कनिंगहॅम आले तेव्हा त्यांनी अशी सुमारे चोवीस देवळे मोजली. मुख्य देवळाच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगांवर रांगा आहेत. नर्तकी, वादक, तपस्वी, देवदेवता. ‘विदर्भाचे खजुराहो’ असे त्याला म्हणतात. मला ही उपमा आवडत नाही, मार्कंड्याला उसन्या नावाची गरज नाही. १७७७ च्या सुमारास या देवळावर वीज कोसळली, शिखर ढासळले आणि मंडपाची मोडतोड झाली. पुढे एका गोंड राजाने तिथे डागडुजी केली. तिची धाटणी मूळ कामाहून अगदी ओबडधोबड असल्याने ती लगेच ओळखू येते. कलेचे अभ्यासक तिच्याकडे नाक मुरडतात. मला मात्र ती डागडुजी मूळ शिल्पाइतकीच पाहण्याजोगी वाटते: ज्याला तसे कोरता येत नव्हते त्यानेही पडू पाहणारे देऊळ पडू दिले नाही. आपल्या काळात पुरातत्त्व खात्याने हाती घेतलेले मुख्य देवळाच्या दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. शिल्पे निवांत पाहायची तर ते दिवस सोडून जावे.

मार्कंड्याच्या दक्षिणेला आलापल्लीचे सागवान, कमलापूरचे हत्ती, आणि भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांचा संगम. जवळच हेमलकसा, जिथे १९७३ मध्ये डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांसाठी दवाखाना सुरू केला. या भागात जाणाऱ्यांना एक विनंती. माडिया माणसे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. न विचारता त्यांच्या अंगणात शिरून छायाचित्रे काढणारे पाहुणे मी पाहिले आहेत. स्वतःच्या घरी असे कोणी केलेले त्यांना चालले नसते.

अगदी टोकाला सिरोंचा, प्राणहितेच्या काठी. पलीकडे तेलंगणातील कालेश्वर, खाली गोदावरी. इंग्रजी अमदानीत सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. सर आर्थर कॉटन यांचे स्वप्न होते की गोदावरी-प्राणहितेचे खडक फोडून, कालवे काढून, मध्य हिंदुस्थानचा कापूस नावांनी थेट समुद्रापर्यंत न्यावा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा या योजनेला जोर चढला. पण १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली आणि १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली. १८७४ मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. याच तालुक्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरची हाडे सापडली. कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्याचे नामकरण रवींद्रनाथांच्या नावाने ‘बारापासॉरस टागोराय’ असे केले. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे, तेथे अश्मीभूत झालेली झाडे पाहता येतात.

सिरोंच्याला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरे. मे महिन्यात चांद्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता दिवसचे दिवस बंद राहतो. लहान मुले बरोबर असतील तर पहिल्या खेपेस भद्रावती, चंद्रपूर आणि मार्कंडा एवढेच करावे. तीन दिवस पुरतात.