टीम गाव बदलते, नाव कुणाचं?

बर्फावरची हॉकी पुसदमध्ये कुणी मैदानावर जाऊन पाहिली असेल असं वाटत नाही. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीच्या पेटीत. तरी आज सुरुवात त्याच हॉकीपासून करतो, कारण नावाचा एक मोठा घोळ तिथे अलीकडेच झाला आणि त्यातून आपल्याकडच्या हॉकीचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात 'कोयोटीज' नावाची व्यावसायिक टीम होती. एप्रिल २०२४ मध्ये ती यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला गेली. नव्या मालकाला खेळाडू मिळाले, प्रशिक्षक मिळाले, पण नाव, चिन्ह आणि जुना इतिहास मात्र जुन्या मालकाकडेच राहिला. म्हणजे टीम नव्या गावात आली ती बिननावाची. मग वीस नावं लोकांपुढे ठेवली गेली, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, साडेआठ लाखांहून जास्त मतं पडली. तोवर पहिला हंगाम टीम नुसत्या 'यूटा हॉकी क्लब' या नावानं खेळली. 'यती' हे नाव पुढच्या फेरीत होतं, पण त्याच नावाची थंड पेट्या आणि बाटल्या विकणारी कंपनी आहे, त्यामुळे नोंदणीत ते अडकलं. अखेर मे २०२५ मध्ये 'मॅमथ' ठरलं. या राज्यातल्या हंटिंग्टन खोऱ्यात १९८८ साली मॅमथचा सांगाडा सापडला होता. नाव गावच्या मातीतून निघालं, असं तिथल्या माणसाला म्हणता येतं.

ही कोयोटीज टीमसुद्धा मूळची अ‍ॅरिझोनाची नव्हे. कॅनडातल्या विनिपेगची 'जेट्स' ही टीम १९९६ मध्ये उठून तिकडे गेली आणि कोयोटीज झाली. पंधरा वर्षं विनिपेग टीमविना राहिलं. २०११ मध्ये अटलांटाची 'थ्रॅशर्स' तिथे आली, तेव्हा लोकांनी जुनंच नाव परत मागितलं आणि मालकानं ते दिलं. याच्या उलट गोष्ट कॅलगरीची. अटलांटाची त्याआधीची टीम 'फ्लेम्स' १९८० मध्ये कॅलगरीला गेली, ती नाव सोबत घेऊन. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली अटलांटा जळालं, त्या आगीवरून ते नाव पडलं होतं. दुसऱ्याच्या घराच्या आगीचं नाव कॅलगरीचे लोक आज चाळीस-पंचेचाळीस वर्षं अभिमानानं मिरवताहेत. मला यात गैर वाटत नाही. नाव रुळतं.

जागा गेली तरी नाव मागे राहतं, हे आपल्या भागाला नवं नाही. पुसद वऱ्हाडातलं, आणि वऱ्हाड निजामाचं. १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. तरी १९३६ च्या करारानं निजामाच्या युवराजाला किताब मिळाला तो 'प्रिन्स ऑफ बेरार'! राज्य दुसऱ्याकडे, नाव यांच्याकडे. कोयोटीजच्या जुन्या मालकाची अवस्था याहून फार वेगळी नव्हती. आणि पुसदचंच पाहा. हा तालुका आधी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो शेजारच्या वणी जिल्ह्याला जोडला आणि त्याच वेळी त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. आपलं गाव जागचं हललं नाही, पण पत्ता बदलला. पुसदच्या कुणाला विचारलं गेलं असेल अशी कल्पनाही करवत नाही.

आता आपल्या हॉकीकडे येतो.

२००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. महाराष्ट्राच्या टीमचं नाव 'मराठा वॉरियर्स', हैदराबादचं 'सुलतान्स', चेन्नईचं 'वीरन्स', जालंधरचं 'शेर-ए-जालंधर'. पहिला सगळा हंगाम हैदराबादच्या गच्चीबावली मैदानावर झाला, म्हणजे मराठा वॉरियर्सनी आपल्या घरी एकही सामना खेळला नाही, आणि विजेतेपद सुलतानांनी नेलं. मराठे विरुद्ध सुलतान! शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान काढून जर्सीवर छापावं तसं. मुळात हैदराबादचे आसफजाही राज्यकर्ते स्वतःला निजाम म्हणवत. सुलतान होते ते त्याआधीचे कुतुबशाही, ज्यांनी १५९१ मध्ये ते शहर वसवलं. एवढा बारकावा नाव ठेवणाऱ्याला हवाच असतो असं नाही. पण या नावांमागची समजूत मला खटकते. प्रदेशाची ओळख म्हणजे त्याची लढाई, आणि मुसलमानी वारसा म्हणजे तख्त. हैदराबादला सुताराची, विणकराची, बिर्याणीवाल्याची, उर्दू छापखान्याचीही ओळख आहे. आणि 'मराठा' म्हणवणाऱ्या त्या टीममधला सर्वांत मोठा खेळाडू कोण? धनराज पिल्ले. खडकीच्या तमिळ घरातला मुलगा, वडील आयुध कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. तो धनराज महाराष्ट्राचा नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

२०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली. मुंबईच्या टीमचं नाव 'मॅजिशियन्स'. ध्यानचंदांना हॉकीचे जादूगार म्हणत, तो धागा असावा म्हणावं, तर त्याच लीगमध्ये उत्तर प्रदेशची टीम 'विझार्ड्स' होती. एका लीगमध्ये दोन जादूगार, आणि मुंबईचं असं त्यात काहीच नाही. त्याच जानेवारीत सीमेवरच्या तणावामुळे विरोध झाला आणि लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू न खेळता परत गेले. मुंबईच्या टीममधलेही त्यात होते. २०१५ मध्ये मुंबईची टीम नव्या मालकाकडे आली आणि नाव झालं 'दबंग मुंबई'. कबड्डी पाहणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटलं असेल, कारण त्याच कंपनीची कबड्डीतली टीम होती 'दबंग दिल्ली'. विशेषण मालकाचं, शहर भाड्याचं. उद्या मालकानं नागपुरात टीम काढली असती तर 'दबंग नागपूर' झालं असतं. त्यासाठी नागपूरला कुणाला फोनसुद्धा करावा लागला नसता.

लीग २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, तेव्हा आठ पुरुष टीममध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. ज्या राज्यानं खडकीतून धनराज दिला त्याला टीमच नाही, मग नाव कसलं? इतरांकडे पाहिलं तर बंगालच्या टीमनं 'राढ' हा आपल्या पश्चिम भागाचा जुना शब्द नावात घेतला, ते मला आवडलं. विशाखापट्टणमच्या टीमचं नाव मात्र 'गोनासिका'. हे ठिकाण ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यात आहे, वैतरणी नदीचा उगम तिथला. आंध्रच्या किनाऱ्यावर ओडिशाच्या डोंगराचं नाव. दुसऱ्या हंगामात ते नाव यादीतून गेलं आणि रांचीची 'रॉयल्स' आली. विशाखापट्टणमला कुणाला चुकचुकल्यासारखं झालं असेल का?

लोकांनी स्वतः ठेवलेली नावं पाहायची तर मागे जावं लागतं. मुंबईत आगा खान कपाची हॉकी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. त्या मैदानांवर 'लुसिटेनियन्स' नावाचा क्लब गाजला. लुसिटेनिया हे पोर्तुगालचं प्राचीन नाव. गोव्याहून पोटासाठी मुंबईत आलेल्या लोकांनी आपल्या टीमला राज्यकर्त्यांच्या देशाचं जुनं नाव दिलं. आज ते चमत्कारिक वाटेल, पण निवड त्यांची होती. रेल्वेच्या टीमही होत्या. बीबीसीआय रेल्वेकडून खेळणारे किशनलाल १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान होते. ती रेल्वे १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली आणि टीमचं नाव आपोआप बदललं. नोकरीचं नाव ते टीमचं नाव. त्यात जात-धर्म विचारायचं कारण नव्हतं.

क्रिकेटमध्ये मात्र मुंबईनं उलटी रीत चालवली. युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यात १९०७ ला हिंदू आले, १९१२ ला मुस्लिम. टीमचं नाव म्हणजे धर्म. १९३७ पासून पाचवी टीम आली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, असे जे कुठे बसत नव्हते ते सगळे तिच्यात. तिचं नाव 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'उरलेले'. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात या टीमनं ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकनं दुसऱ्या टोकाला उभं राहून २१ काढल्या, आणि त्या भागीदारीच्या धावा झाल्या ३००. 'उरलेले' हे नाव ज्यानं ठेवलं त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल कोण जाणे. गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार सामन्यांना विरोध केला होता. १९४६ मध्ये ते बंद झाले. 'मुस्लिम' नावाच्या टीमबद्दल आपल्या जुन्या लोकांत अजून एक हळवेपणा आहे, आणि तो मी समजू शकतो. सामना जिंकल्यावर मोहल्ल्यात मिठाई वाटली जायची. पण ज्या नावात शेजाऱ्याला जागा नाही त्या नावाची किंमत पुढे आपल्यालाच मोजावी लागली, हेही बोललं पाहिजे.

ती किंमत हॉकीत नावानिशी दिसते. १९४८ ला लंडनमध्ये भारतानं ब्रिटनला ४-० हरवून सुवर्ण जिंकलं. त्या टीममध्ये लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन होते. १९५६ ला मेलबर्नला भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला, भारत १-० नं जिंकला. लतीफ आणि अख्तर यांच्या गळ्यात या वेळी पाकिस्तानचं रौप्य होतं. समोर लेस्ली क्लॉडियस होते, आठ वर्षांपूर्वीचे सोबती. आणि जे गेले नाहीत त्यांच्यात भोपाळचे अहमद शेर खान होते, १९३६ च्या सुवर्णविजेत्या टीममधले. त्यांचा मुलगा अस्लम शेर खान १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध हरत चाललेल्या उपांत्य सामन्यात बदली म्हणून उतरला, गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. त्याच्या छातीवरचं नाव 'इंडिया' होतं.

गावांची नावं बदलणं हा वेगळा विषय, त्यात मी इथे शिरत नाही. एवढंच नोंदवतो की २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलताना हरकती मागवल्या गेल्या, त्या गठ्ठ्यांनी आल्या, आणि अधिसूचना जी निघायची तीच निघाली. विचारणं आणि ऐकणं यातला फरक त्यात स्पष्ट आहे.

यूटाची ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगितली आणि विचारलं, एखादी हॉकी टीम मुंबईहून उठून पुसदला आली तर नाव काय ठेवाल? फळा भरला. शेर-ए-वऱ्हाड, पूस पँथर्स, कॉटन किंग्ज. वाघ तर पाच जणांनी सांगितला, टिपेश्वर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, 'तांडा'. टीम फिरत फिरत आली ना?" वर्ग क्षणभर गप्प झाला. पुसद परिसरात बंजारा वस्ती मोठी, वसंतराव नाईकांचं हे गाव, त्यामुळे नाव चपखलच होतं. तेवढ्यात तिच्याच शेजारचीनं शंका काढली, "पण तांडा त्यांचा शब्द आहे. त्यांना चालेल का?" आमच्या उर्दू शाळेच्या त्या वर्गात बंजारा घरचं एकही मूल नव्हतं. म्हणून ते नाव फळ्यावर कंसात लिहिलं, आणि शेजारच्या मराठी शाळेत जाऊन विचारायचं काम दोघींकडे दिलं.