वृद्धांमधील मंद हृदयगतीवरील औषधोपचार

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी पडणे, यास मंद हृदयगती किंवा ब्रॅडिकार्डिया असे म्हणतात. झोपेत किंवा कसलेल्या खेळाडूंमध्ये ती स्वाभाविक असू शकते. त्यामुळे उपचार केवळ आकड्यावरून ठरत नाहीत. वृद्धांमध्ये ही गती अनेकदा अनियमितही असते. या विकारावर दीर्घकाळ घेता येईल असे खात्रीशीर औषध नाही. म्हणून नवे औषध देण्यापूर्वी चालू औषधे तपासणे, ही उपचाराची पहिली पायरी मानली जाते.

कारणे
हृदयाची लय उजव्या कर्णिकेतील सायनस गाठ ठरवते. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन केले. वाढत्या वयात या गाठीतील पेशी घटतात व तंतुमय ऊती वाढते. त्यातून उद्भवणाऱ्या विकारास सिक सायनस सिंड्रोम म्हणतात. काही रुग्णांत मंद गती व एट्रियल फिब्रिलेशन ही जलद, अनियमित गती आलटून पालटून आढळते. कर्णिकांकडून जवनिकांकडे जाणारा विद्युत संदेश वाटेत अडल्यास त्यास हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतील 'ब्लॉकेज' हा याहून वेगळा विकार आहे.

लक्षणे
थकवा, धाप, घेरी व शुद्ध हरपणे ही प्रमुख लक्षणे होत. ती वार्धक्याची समजून दुर्लक्षिली जातात. मात्र भोवळ येऊन पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. निदानासाठी ईसीजी व होल्टर तपासणी करतात.

चालू औषधांचा आढावा
मेटोप्रोलोल व ॲटेनोलोल ही बीटा-रोधके, तसेच डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन, क्लोनिडीन आणि स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल ही औषधे हृदयगती मंदावतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घातले जाणारे टिमोलोलचे थेंबही रक्तात शोषले जाऊन हाच परिणाम करू शकतात. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या वृद्धांत डिगॉक्सिन व ॲटेनोलोल शरीरात साचतात. थायरॉईडची न्यूनता व रक्तातील पोटॅशियमची वाढ हीदेखील सुधारता येण्याजोगी कारणे आहेत. बीटा-रोधके अचानक थांबवल्यास छातीतील वेदना बळावू शकतात आणि क्लोनिडीन एकदम सोडल्यास रक्तदाब उसळतो. म्हणून हे बदल वैद्यकीय देखरेखीखालीच केले जातात.

तातडीचे उपचार
रक्तदाब घसरल्यास किंवा शुद्ध हरपत असल्यास रुग्णालयात ॲट्रोपिन शिरेतून देतात. ते हृदयावरील व्हेगस चेतेचा प्रभाव रोखते. वृद्धांत त्यामुळे संभ्रम, लघवी तुंबणे व काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढणे संभवते. हार्ट ब्लॉक खालच्या पातळीवर असल्यास ॲट्रोपिनचा उपयोग सहसा होत नाही. अशा वेळी डोपामिन, ॲड्रिनलिन किंवा आयसोप्रिनॅलिन सलाईनमधून देतात, अथवा तात्पुरता पेसमेकर लावतात. डिगॉक्सिनच्या विषबाधेवर विशिष्ट प्रतिपिंडे उपलब्ध आहेत. थिओफिलिन काही निवडक रुग्णांत वापरतात. तथापि त्याने जलद अनियमित गती उद्भवू शकते.

कायमस्वरूपी उपाय
सुधारता येण्याजोगे कारण नसून लक्षणे टिकून राहिल्यास पेसमेकर बसवतात. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रियेने बसवला. तो रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केला होता. पेसमेकरनंतरही औषधांची गरज संपतेच असे नाही. जलद गतीच्या नियंत्रणासाठी बीटा-रोधके आता सुरक्षितपणे देता येतात. एट्रियल फिब्रिलेशन असल्यास पक्षाघात टाळण्यासाठी रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधे बहुतेक वृद्धांना घ्यावी लागतात, कारण पेसमेकर गुठळी रोखत नाही.