जनावरांची पोटफुगी : शहरालगतच्या गोठ्यांत घ्यायची काळजी

पोटफुगी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लसूणघास किंवा बरसीम येते. अंबरनाथ पूर्व, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात मात्र गोठे इमारतींच्या मधोमध आले आहेत. येथे जनावराचे पोट फुगण्यामागे हिरव्या चाऱ्याइतकाच मंगल कार्यालयातला उरलेला भात, पिशवीसकट फेकलेल्या पोळ्या आणि कचराकुंडी यांचाही वाटा असतो. कारण वेगळे असेल तर उपचारही वेगळा लागतो. म्हणून पोट फुगलेले दिसताच तेल पाजायला घेण्याआधी जनावराने काय खाल्ले, याची चौकशी करावी.

मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो. तेथे सूक्ष्म जीव चारा आंबवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व मिथेन वायू सतत तयार होत राहतात. हे वायू ढेकरेवाटे बाहेर पडतात. ढेकर थांबली की पोट फुगते, फुफ्फुसांवर दाब येतो आणि जनावर गुदमरते. तीव्र पोटफुगीत काही तासांत, कधी त्याहूनही लवकर जनावर दगावते.

ओळखायचे कसे?

जनावराच्या मागे उभे राहून दोन्ही बाजू पाहाव्यात. डावी भकाळी उजवीपेक्षा वर आलेली दिसते आणि तिच्यावर बोटांनी टिचकी मारल्यास ढोलासारखा आवाज येतो. रवंथ बंद होते. जनावर पोटाकडे वळून पाहते, पोटावर लाथा मारते, सारखे उठते-बसते. तोंड उघडे ठेवून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागले तर वेळ फार थोडा उरला आहे, असे समजावे.

आता कारणांकडे वळू. भात काढल्यावर त्याच ओलीवर घेतलेल्या वालाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात जनावर सुटले, किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीचे कोवळे गवत त्याने उपाशीपोटी खाल्ले, तर पोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो. ही फेसाळ पोटफुगी असते आणि तेल येथेच उपयोगी पडते.

आंब्याची कोय किंवा अख्खा बटाटा घशात अडकला तर पोट अचानक फुगते आणि लाळ तारेसारखी गळते. मान ताणलेली राहते. अशा जनावराला तेलच काय, पाणीही पाजू नये. ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.

तिसरे कारण या भागात सर्वाधिक सांभाळावे लागते, ते म्हणजे शिजवलेले अन्न. लग्नसराईत, किंवा महाशिवरात्रीला शिवमंदिराजवळची जत्रा झाल्यावर, उरलेला भात, पुऱ्या, गोडधोड कोणी ना कोणी गाईपुढे आणून ओततो. देणाऱ्याला ते पुण्य वाटते. पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले की आम्ल वाढते. येथे पोट फार फुगलेले दिसेलच असे नाही. हात दाबल्यावर ते पाणी भरलेल्या पखालीसारखे लागते, शेण पातळ व आंबूस वासाचे होते, जनावर झिंगल्यासारखे चालते आणि नंतर बसून राहते. तेलाने हे बरे होत नाही. पशुवैद्यकाला बोलावून सलाईन व सोड्याचे उपचार त्याच दिवशी सुरू करावेत.

प्लास्टिकची गोष्ट निराळी आहे. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी उकिरड्यावर त्या दिसतातच. पिशवी पचत नाही आणि शेणावाटे सहसा बाहेरही पडत नाही. कोठीपोटात तिचा गोळा होतो. औषधाने पोट उतरते, आठ दिवसांनी पुन्हा फुगते, दूध घटते, शेण थोडे पडते. असे दोन-तीनदा झाले तर चूर्ण बदलत बसू नये. शस्त्रक्रियेने कोठीपोट उघडून गोळा काढता येतो. आनंदनगर एमआयडीसीच्या आसपास चरणाऱ्या जनावरांच्या पोटात तारा-खिळे जाण्याचीही शक्यता धरावी. तेव्हा उतार उतरताना जनावर कण्हते.

डॉक्टर येईपर्यंत

चारा-खुराक काढून घ्यावा. जनावराला उभे ठेवून पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे बांधावे. तोंडात कडुनिंबाची जाड काडी लगामासारखी आडवी बांधल्यास ते चघळत राहते, लाळ सुटते आणि ढेकर येण्यास मदत होते. फेसाळ पोटफुगीची खात्री असेल तर मोठ्या जनावराला 300 ते 500 मिली, शेळीला 50 ते 100 मिली गोडेतेल हळूहळू पाजावे. जीभ ओढू नये, मान फार उंच करू नये, ठसका लागताच थांबावे. आडव्या पडलेल्या जनावराला काहीही पाजू नये. फोन मात्र आधी करावा. पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक 1962 आहे.

सुरी किंवा दाभण खुपसून वायू काढण्याचे प्रकार अजून होतात. त्याने पोटातला ऐवज उदरात सांडून जनावर दोन दिवसांनी दगावू शकते. पशुवैद्यक यासाठी ट्रोकार-कॅन्युला वापरतात.

प्रतिबंधासाठी सकाळी आधी पेंढा, मग हिरवा चारा द्यावा. खुराकातील बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा. शेजारच्या सोसायट्यांना स्पष्ट सांगावे की गाईला द्यायचेच असेल तर एखादी पोळी हाताने द्या, पातेले ओतू नका.

गोठ्यावर राखणीला मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर एक लक्षात ठेवावे. त्याचे पोट ताणले, सारखी उबळ येऊनही उलटी पडत नाही, असे दिसले तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. घरचा कोणताही उपाय न करता त्याला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.