साचा इटलीचा, माल कुठला?

पुण्याच्या नाना पेठेतल्या आमच्या दुकानात जुन्या स्कूटरचा पार्ट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक किमतीच्या आधी विचारतं, "माल कुठला आहे?" चेतकचा क्रँक असो, व्हेस्पाच्या क्लच प्लेटा असोत की लँब्रेटाचा पॉइंट सेट. इटलीचा म्हटलं की फारशी घासाघीस होत नाही, तैवानचा म्हटलं की चेहरा जरा सैलावतो, चीनचा म्हटलं की पुढे आलेला हात मागे जातो. मी काउंटरवर बसायला लागले तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणत असे, ते त्याच्याही आधीपासून ऐकत होते. दर पिढीत फक्त उत्तरातला देश बदलत गेला. तो कसकसा बदलला हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण या गोष्टीत आपली माणसं दोन्हीकडे आहेत. परक्या मालावर शंका घेणारेही आपण, आणि ज्यांच्या मालावर परक्यांनी शंका घेतली तेही आपणच.

स्कूटर मुळात युद्धात होरपळलेल्या इटलीची. पाँतेदेराच्या पियाज्जो कंपनीने १९४६ साली व्हेस्पा काढली आणि पुढच्याच वर्षी मिलानच्या लांब्रातेत इनोसेंटीची लँब्रेटा आली. आपल्याकडे बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे आजच्या बजाज ऑटोने, १९४८ मध्ये दुचाकी-तीनचाकी गाड्या आयात करायला सुरुवात केली. पन्नाशीच्या दशकात भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियामध्ये लँब्रेटा जोडल्या जाऊ लागल्या. जोडल्या जाऊ लागल्या, एवढंच. नट-बोल्टापासूनचा बराचसा माल पेटाऱ्यांतून बोटीने यायचा. पण देशाकडे परकीय चलन थोडं होतं. आयातीला परवाना लागे आणि परवाना देताना सरकारची अट असे की दरवर्षी जास्तीत जास्त पार्ट इथे बनले पाहिजेत. बजाजला १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला, पियाज्जोशी करार झाला आणि आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरीत छोट्या छोट्या शेडमधून लेथ आणि प्रेस चालू झाले. कुणी केबल करायचं, कुणी रबर, कुणी नुसते वॉशर.

मामा त्या काळात एका गॅरेजमध्ये हाताखाली होते. ते सांगत की तेव्हा बदनाम असलेला शब्द होता 'देशी'. लोक इटलीहून आलेला पिस्टन तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात जपून ठेवत, पुढेमागे लागेल म्हणून. आणि मागणी तशीच असल्यामुळे इथे घासून काढलेला मालही इटालियन म्हणून खपवणारे निघालेच. मग पेठेतल्या जाणत्या लोकांनी एक केलं : देश विचारणं सोडून पार्ट तपासायला घेतला.

पिस्टनची रिंग तपासायची रीत मी मामांकडूनच उचलली. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सुटीच सिलिंडरमध्ये ठेवायची आणि पिस्टनच्या डोक्याने अलगद थोडी आत ढकलायची, म्हणजे ती सरळ बसते. मग सिलिंडर उजेडाकडे धरायचा. रिंगच्या कडेने कुठेही उजेडाची रेघ दिसली, तर रिंग गोल नाही. त्यानंतर तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज घालायचा. चेतकचा बोअर सत्तावन्न मिलिमीटरचा. तिथे ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. टोकं एकमेकांना टेकली, तर इंजिन तापल्यावर रिंगला वाढायला जागा राहत नाही आणि ती सिलिंडर ओरबाडते. फट जास्त असली तर कॉम्प्रेशन निसटतं, गाडी चढाला दम टाकते. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक जागा बघावी लागते. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते आणि रिंगची टोकं तिच्यावर नेमकी बसावी लागतात. पिन ढिली असली किंवा टोकाचा काप चुकला, की रिंग खाचेत फिरते, तिचं टोक सिलिंडरच्या पोर्टमध्ये अडकतं आणि तुटतं. तुटलेला तुकडा पिस्टन, सिलिंडर आणि हेड, तिन्ही घेऊन जातो. वरच्या पुडक्यावर काय छापलंय याने यातलं काहीच कळत नाही.

पियाज्जोबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला. दुसऱ्या वर्षी बजाजची चेतक आली. बॉडी व्हेस्पा स्प्रिंटच्या वळणाची, इंजिन १४५.४५ सीसीचं. तिच्यासाठी लोकांनी किती वर्षं वाट बघितली हे वेगळं सांगायला नको. दहा-दहा वर्षांच्या नंबराच्या गोष्टी घरोघरी आहेत. साताऱ्याला १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स निघाली, तिची प्रिया आली, तरी रांग हटली नाही. नंबर लागून मिळालेली गाडी माणूस वीस वर्षं वापरायचा, मग तिला पार्टही वीस वर्षं लागायचे. कंपनीचा माल पुरेना. ती जागा दिल्ली-लुधियानाच्या मालाने भरली आणि पेठेत शंकेची सुई देशातल्या देशातच फिरली. 'दिल्लीचा आहे का?' असं गिऱ्हाईक विचारायचं. त्या मालात काही पार्ट फार चांगले असत. तरी सगळ्यालाच एक नाव पडलं आणि चांगलं काम करणाऱ्या कारागिराला त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत. मला ही गोष्ट वाईट मालाइतकीच लागते.

या सगळ्या इतिहासात माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं प्रकरण लखनौचं आहे. इनोसेंटीने १९७१ मध्ये लँब्रेटा बंद केली आणि १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया लिमिटेड या आपल्या सरकारी कंपनीने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं, साचे, ट्रेडमार्क, सगळं. ते लखनौला आलं. देशात विजय डिलक्स आणि विजय सुपर निघाल्या आणि परदेशात लँब्रेटा जीपी जाऊ लागली. तिकडे ब्रिटनमध्ये साठच्या दशकातल्या मॉड तरुणांनी स्कूटरला डोक्यावर घेतलं होतं. १९७९ मध्ये त्यांच्यावरचा 'क्वाड्रोफीनिया' चित्रपट आला आणि ती हौस पुन्हा उसळली. नवी लँब्रेटा हवी असेल तर आता ती स्पेनमधल्या एइबारच्या सेर्वेताची नाहीतर लखनौची. त्या शौकिनांनी लगेच उतरंड लावली : वर इटालियन, मध्ये स्पॅनिश, तळाला इंडियन. क्रोम लवकर गंजतं, कास्टिंगला छिद्रं आहेत, गिअरच्या दातांना पाणी नीट दिलेलं नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी. जुन्या लँब्रेटाच्या जाहिरातीत 'इटालियन' हा शब्द आजही किंमत वाढवतो.

म्हणजे साचा तोच, प्रेस तोच, आणि तरी माल वेगळा! आपल्या देशाचं नाव खाली गेलं म्हणून हे झटकून टाकणं सोपं आहे, पण गाऱ्हाण्यांत तथ्य होतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. क्रोमचंच घ्या. आरशासारखा दिसणारा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. लोखंडाला गंजापासून खरं वाचवतं ते त्याच्याखालचं निकेल, आणि निकेलच्या खाली बहुधा तांबं. निकेल महाग. निकेलच्या टाकीत पार्ट ठेवायचा वेळ कमी केला, की पैसे वाचतात आणि दुकानात ठेवलेला पार्ट तेवढाच चकचकीत दिसतो. फरक दुसऱ्या पावसाळ्यात कळतो. गिअरचंही तसंच. दाताचा पृष्ठभाग कडक आणि आतला गाभा चिवट राहिला पाहिजे, म्हणून भट्टीतला वेळ आणि तापमान नेमकं सांभाळावं लागतं. भट्टी घाईने उरकली तर दात झिजतात, जास्त झाली तर टवके उडतात. शिवाय साचा स्वतःही झिजतो. तो वेळेवर बदलला नाही तर पत्र्याची कड मिलिमीटरभर सरकते आणि पॅनेल बसत नाही. इनोसेंटीने लखनौला यंत्रं विकली. रोज संध्याकाळी एक पार्ट कापून बघणारा आणि 'हा लॉट बाजूला काढा' म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस यंत्राबरोबर विकत येत नाही. रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक काहीही घेणार हे ज्या बाजाराला माहीत आहे, तिथे असा माणूस तयार व्हायलाही वेळ लागतो. लखनौची स्कूटर १९९७ मध्ये बंद पडली.

कानपूरच्या एलएमएलचा अनुभव निराळा. तिने ऐंशीच्या दशकात पियाज्जोशीच हात मिळवला आणि पुढे तिची गाडी 'स्टेला' नावाने अमेरिकेतही गेली. आणि आता तर पियाज्जोची व्हेस्पा २०१२ पासून आपल्या बारामतीत बनते. बारामतीच्या पार्टला गिऱ्हाईक बिनदिक्कत 'ओरिजिनल' म्हणतं, ते मला ऐकायला आवडतं.

१ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं सरकारने उठवली. त्यानंतर काही वर्षांत पेठेत चीनचा माल सर्रास दिसू लागला. तोवर लोक मोटारसायकलकडे वळले होते आणि पुढे चेतकही थांबली. बंद पडलेल्या गाडीच्या पार्टांत कंपनीला रस उरत नाही, पण गाड्या रस्त्यावर असतात, आणि अलीकडे हौसेने जुनी चेतक नवी करून घेणारी तरुण मुलंही येतात. त्यांचा माल चीन, तैवान, व्हिएतनाम, इंडोनेशिया असा कुठूनही येतो. चिनी कारखाने वाईटच बनवतात हे मला पटत नाही. तिथला कारखानदार आधी किंमत विचारतो आणि त्या किमतीत बसेल तो माल देतो. किंमत ठरवतो इकडचा आयातदार, तीही बहुतेक वेळा एकही नमुना इंजिनात न चढवता.

ऑइल सीलसारखी क्षुल्लक वाटणारी वस्तू बघा. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या बाजूला रबराची एक चकती असते, तिची ओठासारखी पातळ कड शाफ्टला चिकटून राहते. रबर हलकं असलं तर काही महिन्यांत कड कडक होते आणि तिथून इंजिन बाहेरची हवा ओढायला लागतं. हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, पेट्रोलबरोबरच जाणारं ऑइलही घटतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. माणूस पिस्टनला दोष देतो, नवा बोअर मारून घेतो, हजारोंचा खर्च करतो, आणि जुनी सील तशीच राहिल्यामुळे पुन्हा पिस्टन धरतो. मला एका लॉटमध्ये अशा सील आल्या होत्या. नखाने कड दाबली तर ती मागे येत नव्हती. पुरवठादाराने परत घ्यायला नकार दिला. त्या मी विकल्या नाहीत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात साधं रबर फुगतं, मऊ पडतं. त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरच्या सुईचं टोक या वस्तू घेताना देशापेक्षा रबर कसलं आहे हे विचारावं लागतं, आणि सांगता येईल असा विक्रेता शोधावा लागतो.

व्हिएतनामचं प्रकरण याहून गंभीर. तिथून नव्यासारख्या रंगवलेल्या जुन्या व्हेस्पा अमेरिका-युरोपात गेल्या. रंग खरवडल्यावर खाली पुट्टीचे जाड थर निघाले, काहींत दोन गाड्यांच्या चासी कापून जोडलेल्या. रंगकाम करणारे हात कुशल होते यात शंका नाही. पण वेल्डिंगवर चालवणाऱ्याचा जीव असतो आणि ते त्याला दिसत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी म्हणूनच हट्टी आहे. हल्ली ब्रेक शूचं लायनिंग रिव्हेटऐवजी चिकटवलेलं असतं. डिंक कमी पडला तर गरम झाल्यावर लायनिंग सुटतं, ड्रममध्ये आडवं बसतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. बनवणाऱ्याचं नाव नसलेला शू किंवा ब्रेक केबल मी दुकानात ठेवत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, महिना-वर्ष आणि किंमत छापली पाहिजे असा नियम आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हे सगळं सापडतं. स्कूटरचे पार्ट मात्र अजूनही साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पेनने नंबर लिहून येतात. वैधमापनशास्त्राच्या निरीक्षकांनी एकदा आमच्या पेठेत यावं, आमच्या दुकानापासून सुरुवात करावी, आणि अशा पिशव्यांचा माल आणणाऱ्या आयातदाराच्या गोदामापर्यंत जावं, एवढी माझी मागणी आहे.