तळटीप : वाशांच्या तोंडावरची फळी

१. लेखकाने ‘फळी बदलली’ एवढेच म्हटले आहे. उचगावसारख्या करवीर तालुक्यातल्या गावांत मंगलोरी कौलांच्या घराला वळचणीच्या कडेने, वाशांच्या तोंडावर जी आडवी फळी ठोकतात, ती ही. लाकूड पाणी पिते ते कापलेल्या तोंडातून, म्हणून वाशाचे टोक उघडे राहिले की कूज तिथूनच आत शिरते. फळीचे दुसरे काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यात खालच्या कौलाखाली आधाराला दुसरे कौल नसते, तेव्हा फळीची वरची कड रिपेपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवावी लागते. तसे केले नाही तर शेवटची ओळ खाली कलते आणि वळवाचा वारा तिच्याखाली घुसतो. कौल फळीच्या बाहेर दोनेक इंच हवे, म्हणजे पागोळी फळीवरून ओघळत नाही. रंग ठोकण्याआधीच द्यायचा, मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही. हल्लीचे कारागीर नेमके हेच टाळतात. मृगाआधी पन्हळीतला पाला काढावा, फळीला टोचा मारून मऊपणा पाहावा.

वळचणीच्या पोटाला आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या मारतात. चिमण्या, उंदीर थांबतात खरे, पण जाळीची फट न ठेवल्यास आत ओल कोंडते आणि वासे खालून कुजतात. — संपा.