वळणावरची पट्टी : मोटारीच्या अंगावरील एका रेषेचा इतिहास

१/ मोटारीच्या दारावर सरळ रंगीत पट्टी चिकटवणे फारसे अवघड नाही. तीच पट्टी चाकावरच्या कमानीपाशी वळवावयाची झाली, की भल्याभल्यांचा हात थबकतो. वाहनावरच्या या वळणदार कडेपायीच विसाव्या शतकातला एक अत्यंत उपयुक्त शोध लागला. त्याची ही कथा.

२/ आधी अडचण समजून घेऊ. १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी काटकोनात वळवली, तर तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे १५.७ सेंटिमीटर लांब असावी लागते. वळण ऐसपैस असो वा आखूड, हा फरक तेवढाच. तो केवळ रुंदीवर आणि कोनावर अवलंबून असतो. ऐसपैस वळणात तो अधिक अंतरावर वाटला जातो, इतकाच दिलासा. सरळ कापलेल्या पट्टीच्या दोन्ही कडा मात्र सारख्याच लांबीच्या. परिणामी बाहेरची कड ताणली जाते आणि आतल्या कडेला चुण्या पडतात. शिंपी गळ्याला उरेब पट्टी का लावतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

३/ घोडागाड्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. लांब केसांचा कुंचला हाताबरोबर हवा तसा वळे. रोल्स-रॉइसच्या गाड्यांवरील बारीक रेघ आजही खारीच्या केसांच्या कुंचल्याने हातानेच ओढली जाते. पण बारीक रेघ निराळी आणि रुंद पट्टा निराळा.

४/ १९२४ च्या ओकलंड मोटारींवर ‘ड्यूको’ हा ड्यूपाँट कंपनीचा नवा रंग आला. जुने रंग वाळावयास कित्येक दिवस लागत. हा काही तासांत वाळे. अमेरिकेत दुरंगी गाड्यांची हौस वाढली आणि रंगाऱ्यांची पंचाईत झाली. दोन रंगांच्या सीमेवर ते कागद चिकटवीत. त्यासाठी डिंक किंवा दवाखान्यातली चिकटपट्टी वापरीत. ती काढताना खालचा ताजा रंगही सोलून निघे, की सारे काम पुन्हा पहिल्यापासून.

५/ मिनेसोटातील सेंट पॉल येथे रिचर्ड ड्रू हा तरुण याच सुमारास सँडपेपरचे नमुने घेऊन मोटार-रंगाऱ्यांकडे जात असे. शिक्षण अर्धवट सोडलेला, बँजो वाजवून पैसे मिळवलेला हा गडी ‘थ्री-एम’च्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. कंपनीचा मुख्य धंदा तेव्हा सँडपेपरचा. रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकून त्याने उपाय काढण्याचा शब्द दिला. वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी ‘आपले काम कर’ असे बजावले, तरी तो मागे हटला नाही. त्याला १०० डॉलरपर्यंतच्या खरेदीचा अधिकार होता, म्हणून यंत्रासाठी त्याने ९९-९९ डॉलरच्या मागण्या पाठवल्या, असे सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. स्वभाव मात्र तिच्यातून नेमका कळतो.

६/ १९२५ मध्ये त्याची मास्किंग टेप तयार झाली. आरंभीच्या टेपला फक्त कडांना चिकट होते, म्हणून एका रंगाऱ्याने ‘तुमच्या स्कॉच साहेबांना’ अधिक चिकट लावावयास सांग, असा चिक्कूपणावरून टोला मारला आणि त्यातून ‘स्कॉच’ हे नाव आले, अशी आख्यायिका आहे. लोकांना हीच गोष्ट आठवते. माझ्या मते खरी करामत आहे ती क्रेप कागदाची! त्याच्या बारीक चुण्या बाहेरच्या कडेला उलगडतात, आतल्या कडेला मिटलेल्या राहतात, आणि सरळ पट्टी वळणावर मुकाट्याने बसते. वळणावर पडणाऱ्या चुण्या ड्रूने आधीच कागदात घालून ठेवल्या होत्या.

७/ पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन याने पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली. त्यातून पुढे व्हिनाइल आले आणि पट्टी स्वतःच गाडीवर चिकटू लागली. १९७० च्या फोर्ड मस्टँग बॉस ३०२ वरील ‘हॉकी स्टिक’ पट्टे आठवा : बॉनेटवरून निघून, पुढच्या मडगार्डवरून खाली वळून दारांवर पसरणारे, प्रकाश परावर्तित करणारे. त्यांचा रेखाकार लॅरी शिनोडा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले गेले, त्यांत हा मुलगाही होता.

८/ असा रुंद पट्टा कोणी ओढून वळवीत नाही. तो मोठ्या तावातून वळणाच्याच आकारात कापतात. त्यामुळे सपाट पत्र्यावरचा प्रश्न सुटतो. दोन्ही दिशांनी फुगलेल्या पत्र्यावर मात्र फिल्मच ताणावी लागते आणि तिथे तिची जात कळते. रुळांतून लाटलेली फिल्म ओढ विसरत नाही, उन्हात आक्रसते आणि कडा सोडते. द्रवरूपात ओतून भाजलेली पातळ फिल्म, गरम हवा देऊन बसवली की, पुष्कळ अधिक निमूट राहते. १९८० च्या दशकाच्या आरंभी गर्बर कंपनीची संगणकचलित कापणी यंत्रे आली आणि कात्रीचे कसबही पडद्यावर गेले.

९/ आपल्याकडे रिक्षावर नाव किंवा पट्टी कापून लावणारा ‘रेडियमवाला’ याच परंपरेतला. त्याच्या मालात रेडियम औषधालाही नसते. घड्याळांचे काटे रेडियमच्या रंगाने अंधारात चमकत, त्या काळाची ही आठवण दिसते. या पट्टीत असतात काचेचे अतिसूक्ष्म मणी; समोरून आलेला उजेड ते आल्या वाटेने परत धाडतात.